तळ्याकाठची खोली आणि नळाची पाळी

बुधवार, ८ ऑक्टोबर, संध्याकाळचे सव्वापाच. रोख रुपये अठरा हजार, माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. हजर माणसं तीन: मी, माझी मुलगी केतकी आणि हिंगोलीच्या तळ्याकाठच्या एका दुमजली घराच्या मालकीण शमीमबी. मी त्यातले सहा हजार मोजून पुढे केले. शमीमबींनी ते घेतले नाहीत.

"आत्ता न्हाई," त्या म्हणाल्या. "एक नळ होऊ द्या. मंग बोलू."

मला वाटलं, भाव वाढवतायत. तसं नव्हतं. पण ते कळायला मला तिथे पाच दिवस राहावं लागलं.

आम्ही चिपळूणच्या. केतकी गुरांची डॉक्टर. तिला पहिली सरकारी नोकरी लागली ती सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या दवाखान्यात, आणि सोमवारी तिथे हजर व्हायचं होतं. राहायचं हिंगोलीत आणि रोज एसटीने ये-जा करायची, असं तिने ठरवलं होतं. तिच्या वडिलांचा गुडघा दुखत होता, म्हणून खोली बघायला मी निघाले. मी सत्तावीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिते. रविवारी दुपारी चारची माझी परतीची गाडी होती. तोवर मुलीच्या डोक्यावर छप्पर लागायला हवं, एवढंच काम.

नांदेडहून येताना वारंगा फाट्यावर उतरून खिचडी खाल्ली. पिवळी, मोकळी खिचडी, सोबत पापड आणि तळलेली मिरची. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला देतात, इथे ट्रकवाले रांग लावून खातात. मी दुसरी प्लेट मागितली तेव्हा केतकीने माझ्याकडे बघितलं.

हिंगोलीत पोचल्यावर दुपारभरात तीन जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी "एकटी पोरगी नको" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मासे शिजवणार का, असं विचारलं. मी "शिजवणार" म्हटलं आणि आम्ही तिथून निघालो. तिसरा नव्या वसाहतीतला फ्लॅट, भाडं साडेसात हजार, चोवीस तास पाणी, पण खिडकीसमोर चार फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. मालक म्हणाले, "रविवारी बारापर्यंत तुमच्यासाठी थांबतो." चौथी जागा ही. वरच्या मजल्यावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर, गच्ची, भाडं तीन हजार. गच्चीवर उभं राहिलं की समोर सगळं तळं. केतकीने तिथेच बॅग खाली ठेवली.

"राहून बघा," शमीमबी म्हणाल्या. "खोली रिकामीच हाय. न्हाई जमलं तर कुणाचंच नुसकान न्हाई."

शमीमबींचं वय पासष्टच्या आसपास. यजमान गाद्या भरायचे, ते वारले. मुलगा औरंगाबादेत असतो. (शहराचं नाव त्या जुनंच घेतात, म्हणून मीही तेच लिहिलं.) त्यांच्या भिंतीला भिंत लावून दिगंबरकाकांचं घर. हे तळ्याकाठच्या देवळातले पुजारी. दोन्ही घरांत मिळून नळ एकच, तो काकांच्या नावावर. आणि पाणी साठवायचे तीन निळे ड्रम, दोनदोनशे लिटरचे, ते शमीमबींच्या अंगणात, कारण काकांकडे अंगणच नाही. ही व्यवस्था चाळीस वर्षांची आहे म्हणे. लेखी काही नाही. मी विचारलं होतं.

गुरुवार

सकाळी साडेपाचला तळ्यावर गेले. काठाने फिरायला बांधलेली वाट आहे. देवळापासून देवळापर्यंत माझी दोन हजार आठशे पावलं झाली. पाण्यात बगळे, पाणकोंबड्या, आणि ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून शिंगाडे काढणारी दोन माणसं. ती वेल उचलतात, खालचे शिंगाडे तोडतात आणि वेल पुन्हा पाण्यात ठेवतात. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे उपासाच्या पिठाची पुडी. तो असा चिखलातून वर येतो, हे मी चोपन्नाव्या वर्षी पाहिलं.

शहर शांत आहे. सकाळी नऊपर्यंत लोक निवांत चालतात, दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. ऊन कडक, पण कोरडं. धुतलेली साडी गच्चीवर चाळीस मिनिटांत वाळली. चिपळूणला ऑक्टोबरात तीच साडी दीड दिवस घेते आणि वर वास येतो तो वेगळा.

फिरून आले तेव्हा शमीमबी बाजारात गेल्या होत्या. केतकी वर अंघोळीला. मी अंगणात आले आणि ड्रमांची झाकणं उघडून पाहिली. दोन काठोकाठ भरलेले, तिसरा अर्धा. आदल्या दिवशी काकांनी बोलता बोलता सांगितलं होतं की नळ गेल्या सोमवारी आला. म्हणजे पाणी तीन दिवसांचं.

आता माझी सवय सांगते. आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी ठेवत नाहीत. हंडा, कळशी, पिंप, सगळं रोज पहाटे जास्वंदीला ओतून, घासून, ताजं भरायचं. माझ्या सासूबाईंनी लावलेली शिस्त, आणि पुरानंतर तर ती मी जास्तच कडक केली. फुकट राहतोय, निदान बाईंचं एक काम तरी करू, असा चांगला विचार करून मी दोन्ही भरलेले ड्रम कलते केले. पाणी पेरूच्या झाडाखालून गटारात गेलं. मग चिंच आणि मीठ लावून ड्रम आतून लख्ख घासले. पंचावन्न मिनिटं लागली. तिसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात दारात शमीमबी.

हातातली पिशवी त्यांनी तिथेच सोडली. उकडलेले शिंगाडे अंगणभर झाले.

"अवो बाई! काय करून राहिल्या तुमी?"

"ड्रम धुतले. पाणी तीन दिवसांचं होतं."

"मंग?"

"शिळं झालं होतं ना."

"पाणी काय भाकर हाय व्हय, शिळी व्हायला?" त्यांचा आवाज चढला. "महाराज! ओ महाराज! या हिकडं, बघा काय झालं!"

दिगंबरकाका सोवळ्यातच भिंतीपलीकडून डोकावले. आधी ड्रमाकडे पाहिलं, मग गटाराकडे, मग माझ्याकडे.

"किती गेलं?"

"चारशे लिटर," मी म्हटलं. आकडा तरी बरोबर सांगावा.

"नळ शनिवारी हाय," ते म्हणाले. "आला तर." आणि डोकं आत गेलं.

त्या गल्लीत नळ पाच दिवसांनी येतो. शनिवारपर्यंत दोन घरांचा स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळं त्या चारशे लिटरवर होतं. मी खाली बसून शिंगाडे गोळा करायला लागले. दुसरं काय करणार? केतकी ओले केस घेऊन खाली आली, तिने सगळं पाहिलं आणि एकच वाक्य बोलली.

"आई, मला इथेच राहायचंय गं."

मी लगेच टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, गल्ली सात फुटांची, टँकर आत येत नाही. मी शमीमबींना पाचशेची नोट दिली, त्यांनी परत माझ्या हातात कोंबली. "पाण्याचे पैसे मी घेत न्हाई. आमच्या खानदानात कोनी घेतले न्हाईत." त्या चिडलेल्या होत्या, पण शिंगाडे सोलून माझ्यापुढेही ठेवले. खाऊ की नको, मला कळेना. खाल्ले. गोडसर, बटाटा आणि फणसाची आठळी यांच्या मधली चव.

हापशावर

पिण्यासाठी वीस लिटरचे दोन जार विकत आणले. वापरायचं पाणी हापशावरून आणायचं ठरलं. हापसा घरापासून दोनशे बारा पावलांवर. घागर पंधरा लिटरची. चारशे भागिले पंधरा, म्हणजे सत्तावीस खेपा. मी तेरा, केतकी चौदा. गुरुवारी संध्याकाळी बारा, शुक्रवारी सकाळी पंधरा.

हापशावर पाच-सहा बायका असायच्या. मी रांगेत उभी राहिले तर पुढची वळून म्हणाली, "ह्याच का वं त्या, पानी सांडनाऱ्या?"

"ह्याच," मी म्हटलं. नाकारण्यात अर्थ नव्हता.

"तुमच्याकडं नळ रोज येते म्हने?"

"दोनदा."

"अन् तरी हिकडं आल्या? काहून?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी त्यांना सांगितलं, पाणी ओतून टाकायची सवय कुठून आली ते. आमच्या घरात पुराचं पाणी छातीपर्यंत चढलं होतं. उतरल्यावर घरातलं एकूण एक भांडं आम्ही आठ दिवस घासत होतो. साठवलेलं पाणी दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

हापसा मारणारी बाई दांडा तसाच धरून म्हणाली, "छातीपर्यंत? घरात? आमी असतो तर भरून ठेवलं असतं."

एवढी मी त्या प्रवासात पुन्हा हसले नाही. त्यानंतर तीन खेपांना माझी घागर त्यांनीच भरून दिली. "तुमचं वय न्हाई हे," असं एकीने म्हटलं, ते मात्र मला आवडलं नाही. ती माझ्याहून मोठी होती.

सत्ताविसावी खेप ओतली तेव्हा शमीमबी ओट्यावर बसून बघत होत्या. शाबासकी नाही, रागही नाही. "खिचडी-खट्टा केलाय, वर घेऊन जा," एवढंच. खट्टा म्हणजे चिंच आणि तीळ घालून केलेलं पातळ, गार कालवण. फाट्यावरची खिचडी चांगली होती, पण ही तिच्यापुढची. मी कृती उतरवून घेतली. मापं विचारली तर म्हणाल्या, "अंदाजानं." असल्या उत्तराने माझं काम होत नाही, म्हणून नंतर त्यांच्याच वाटीने मोजून लिहिलं.

पुसेगाव, नरसी

शुक्रवारी दुपारी केतकीचा दवाखाना बघायला गेलो. बसने जाताना दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी रानं, माणसाच्या कमरेएवढी. सोयाबीन काढून झालेलं, मळणीयंत्रांची धूळ. पुसेगावात दवाखान्याबाहेर एक म्हातारे गृहस्थ गाय घेऊन उभे होते. केतकी अजून रुजू झालेली नव्हती, पण तिने गायीचे डोळे आणि कास बघितली.

"तुमी नवीन डाक्टरीन व्हय?"

"सोमवारपासून."

"सोमवारी यिऊ मंग. ऱ्हाल ना पन? ह्याआधीचे डाक्टर चार म्हयन्यांत गेले."

"राहते," केतकी म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. जागेचा पत्ता नाही आणि ही शब्द देऊन मोकळी.

येताना नरसीला उतरलो. नामदेवांचं जन्मस्थान. चार-पाच दुकानं, सावलीत बसलेले यात्रेकरू, हातपाय धुवायला नळाची तोटी. एक बाई तोटी वाहती ठेवून दुसरीशी बोलत होती. मी जाऊन तोटी बंद केली. दोन दिवसांत माणसात फरक पडतो.

शनिवार

नळाची वेळ सकाळी साडेसहाची. सहापासून सगळी गल्ली पाइप, बादल्या, हंडे मांडून तयार. साडेसात झाले. दहा झाले. कुठेतरी मोटार बिघडली असं कुणीतरी सांगत आलं. बायकांनी बादल्या जागच्या जागी ठेवल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. आमच्याकडे एक वेळ नळ आला नाही तर लोक नगरपालिकेत जातात. इथे कुणी आवाजही चढवला नाही. मला ते पटलं नाही, आणि मी तसं काकांना सांगितलं.

"गेलो होतो ना आमी बी, तरुणपनी," काका म्हणाले. "आता बादल्या तयार ठेवतो. त्यात तकलीफ कमी."

समोर तळं काठापर्यंत भरलेलं आणि अंगणात रिकामे हंडे. गच्चीवरून दोन्ही एका नजरेत दिसत होतं.

संध्याकाळी मी शमीमबींना सरळ विचारलं, "तुम्ही आम्हाला खोली देणार की नाही, ते आजच सांगा. रविवारी बारा वाजता तो फ्लॅटही जाईल."

त्या लसूण सोलत होत्या. "आतापातुर तीन भाडेकरू ठेवले. सगळ्यांचे पैसे आधी घेतले. नळाचा पहिला खेळ बघून दोघं पळाले, तिसऱ्यानं महाराजांसंगं भांडन केलं. मंग पैसे वापस करा, हिशेब करा, तोंडं वाकडी करा. आता मी नळ झाल्याबिगर न्हाई बोलत. तुमाला तर अजून पायायचंय," म्हणजे पाहायचं आहे, "तुमाला नळ झेपते का."

"आणि नळ आलाच नाही तर?"

"तर तुमी फ्लॅटात जा. चांगला असंल तो."

बरोबर बोलत होत्या.

रविवार

साडेअकराला फ्लॅटमालकांचा फोन. आगाऊ रक्कम पाठवताय का? मी वही काढून केतकीपुढे ठेवली. एकीकडे साडेसात हजार, चोवीस तास पाणी, पक्की जागा. दुसरीकडे तीन हजार, पाच दिवसांनी पाणी, आणि तीही जागा मिळेलच असं नाही. वर्षाचा फरक चोपन्न हजार.

"चोपन्न हजारांसाठी नाही म्हणत मी," केतकी म्हणाली. "त्या फ्लॅटमध्ये मला कोण ओळखेल, आई? इथे चार दिवसांत हापशावरच्या सगळ्या मला नावाने हाक मारतात."

"तुला नाही, मला. पाणी सांडणारी म्हणून."

"तुझ्यामुळेच ना पण."

मी फ्लॅटमालकांना नको म्हणून सांगितलं. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. चारला माझी गाडी, सकाळी तिची नोकरी, आणि जागा एकही नाही.

दोन वाजून वीस मिनिटांनी भिंतीपलीकडून काका ओरडले, "आलं! आपा, आलं!" शमीमबींना ते आपा म्हणतात.

मग जे चाललं ते मी शेवटपर्यंत लक्षात ठेवीन. काकांनी पाइप भिंतीवरून टाकला. शमीमबींनी मला ओट्याकडे बोट केलं, "तुमी बसा. लेकरू करंल." पहिलं पाणी मातकट आलं, लाल. केतकीने ते घंगाळात धरलं. साफ झाल्यावर आधी पिण्याचे हंडे, काकांचे दोन, आपले दोन. मग ड्रम. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. पाइप एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये बोट लावायचं, म्हणजे थेंब बाहेर पडत नाही, हे केतकी दुसऱ्याच हंड्याला शिकली. मी घड्याळ लावलं होतं. एक बादली भरायला पन्नास सेकंद. तीन ड्रम भरेपर्यंत पाणी टिकेल की नाही, याचा मी मनात हिशेब करत होते.

दुसरा ड्रम भरत आला. घंगाळ मध्येच पडलं होतं, केतकीच्या पायात येत होतं. ते बाजूला करावं म्हणून मी उठले, उचललं आणि ओतायला गटाराकडे वळले. खरंच, हात आपोआप गेला.

"आई!" केतकीने एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं. "खाली ठेव. त्याने अंगण धुवायचंय, मग पेरूला. तू बस बघू."

मी ठेवलं. शमीमबी माझ्याकडे बघत नव्हत्या, केतकीकडे बघत होत्या.

पाणी त्रेचाळीस मिनिटं टिकलं. दोन ड्रम भरले, तिसरा पाऊण. शमीमबींनी तिन्हींवर झाकणं घट्ट बसवली, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "आता बोला."

मी पर्स उघडून सहा हजार काढले. एक महिन्याचं भाडं आणि एक महिन्याची अनामत, ठरल्याप्रमाणे.

"तुमचे न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाणार कोन?"

"केतकी."

"मंग तिच्या हातानं. अन् अनामत नको. अनामत कशाची, नळ तर झाला."

मी केतकीला तीन हजार दिले. तिने ते पुन्हा मोजले, माझ्यासारखेच, आणि शमीमबींच्या हातात ठेवले. त्यांनी न मोजता कमरेला खोचले. "बेटा, पुढचा नळ शुक्रवारी. तू दवाखान्यात आसशील. पाइप महाराज धरतील, तू संध्याकाळी फक्त झाकणं बघ."

"शुक्रवारी मी सुट्टी..." केतकी बोलायला लागली.

"कशाला? गुरं थांबतील व्हय?"

माझी बॅग दारात होती. मला गल्लीच्या तोंडापर्यंत दोघी सोडायला आल्या, काका भिंतीवरून "या पुन्हा" म्हणाले. केतकी बसस्टँडवर येते म्हणत होती, पण अंगण अजून धुवायचं होतं, म्हणून मी तिला परत पाठवलं.

दिलं ते असं: भाडं तीन हजार, केतकीच्या हातून शमीमबींना. अनामत शून्य. पिण्याचे दोन जार, साठ रुपये, दुकानदाराला. आणि स्टँडपर्यंतच्या ऑटोला चाळीस रुपये, ते मी दिले, एकटीचे.